गर्दी आली, पाणी आलं नाही

वृंदाताई गेल्याचं मला रेवदंड्याहून अलिबागला जाताना रिक्षात कळलं. त्यांच्याकडेच निघालो होतो. रिक्षावाल्याला थांब म्हणावं की पुढे चल, हेच सुचेना... त्याला महिना होत आला.

आमची ओळख भांडणाने झाली. ताईंनी मुंबईत वीस वर्षं कंपन्यांचे खटले लढवले, करार आणि भागीदारीचे तंटे. मग अलिबागला परतून त्या खाडीचे, खारफुटीचे खटले घेऊ लागल्या. पण व्यापाऱ्यांची कामं सोडली नाहीत. माझ्या वडिलांचा चळवळीची पत्रकं छापायचा छापखाना, त्या भाषेवरच मी वाढलो. पहिल्याच भेटीत विचारलं, "ताई, तुम्ही नक्की कुणाच्या?"

"अशिलाच्या. चहा घेणार, की तोही भांडवलदारांचा?"

पुढे रेवदंड्याच्या कोळीवाड्यालगत एका बिल्डरने खाडीत भराव टाकायला सुरुवात केली. बायका मासळी वाळवतात ती जागाच त्यात जाणार होती. ताईंनी खटला घेतला, कोर्टाने पाहणीचा आदेश दिला आणि सोयीचा दिवस विचारला. ताई तेव्हा मुंबईला होत्या. मी त्यांना न विचारता त्यांच्या ज्युनिअरला अष्टमीचा दिवस कळवला. भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे दिवस, पाण्याला ओढ नसते, बोटी किनाऱ्याला, सगळे घरी! माणसं लोटली, घोषणा दुमदुमल्या. भरतीचं पाणी मात्र भरावापासून लांबच राहिलं. समोरच्या वकिलाने निवांतपणे कोरड्या जमिनीचे फोटो काढले.

"गर्दी आली, पाणी आलं नाही," ताई म्हणाल्या. "कायदा उधाणाचं पाणी कुठवर चढतं ते बघतो. मी कंपनीकडून असते, तर हाच दिवस मागितला असता."

मासळी वाळवणारी जनाबाय तिथेच होती. "उधानाला सगली दर्यान असतान, वकीलबाय. घरा कोन हाय?"

"तू आहेस ना! पाणी दाखवायला चार बायका पुरेत."

पुढच्या तारखेला ताई कोर्टात उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "दिवस निवडण्यात आमची चूक झाली." माझं नाव घेतलं नाही. मागच्या बाकावर माझी मान खाली गेली. इतकी पत्रकं लिहिली, पण 'आमची चूक झाली' हे वाक्य माझ्या एकाही पत्रकात नव्हतं... दुसरी पाहणी मंजूर झाली. ती बघायला ताई राहिल्या नाहीत.

परवा त्यांच्या ऑफिसात गेलो. ज्युनिअरने त्यांची डायरी पुढे केली. खाडीच्या खटल्यांच्या प्रत्येक तारखेशेजारी तिथी लिहिलेली. आमच्या दुसऱ्या पाहणीपुढे त्यांच्या बारीक अक्षरात : 'पौर्णिमा. भरती दुपारी साडेबारा. जनाबायला आधी सांगणे. घोषणा नकोत.' शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा.

पौर्णिमेला अजून चार दिवस आहेत. जनाबायला सांगून आलोय. ती म्हणाली, "ये तू. गप उभा रव मातर."

उभा राहीन.