हौदाचं पाणी पेरूला

“आईला हौदात उतरायचंय. तू ये आणि समजाव, तुझं ऐकते ती,” असा वंदनाचा फोन आला आणि मी पुण्याहून शनिवारी सकाळची बस पकडली. वंदना माझी बालमैत्रीण. तिची आई, म्हणजे आमची शांतामावशी, पंचाहत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. आणि तिला गारखेड्याच्या छोट्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये बाप्तिस्मा घ्यायचा होता! तिथं नुसतं कपाळावर पाणी शिंपडत नाहीत, माणसाला हौदात अख्खं बुडवून वर काढतात.

सकाळी निघणार असाल तर डाव्या खिडकीची जागा घ्या, ऊन लागत नाही. पाचेक तास लागतात. स्टँडवरून गारखेड्याची रिक्षा आधी ठरवून घ्या. मी आधी गुलमंडीच्या बाजारात उतरून मावशीसाठी पांढरं सुती पातळ घेतलं. समजवायला आले होते, आणि पातळ घेत होते.

वडिलांना चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आम्ही या शहरात आलो. मावशीचे यजमान तिथंच मशीनवर होते. तेव्हा चर्च म्हणजे पत्र्याची शेड. पाळी सुटली की कामगार यायचे, डबे भिंतीशी ठेवून गाणी म्हणायचे. दुपारी बायकांचा शिवणवर्ग भरायचा. मेंढरांमागं वाढलेली मावशी तिथं मशीन चालवायला शिकली, आणि मग रविवारीही जाऊ लागली.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. खेड्यांतून घरं जळालेली दलित माणसं शहरात येत होती. पाळकांनी शेड उघडून दिली. नळाला पाणी नव्हतं, पण हौद भरलेला होता. दुसऱ्या दिवशी तिघांचा बाप्तिस्मा होता, त्यात मावशी. त्या माणसांसाठी पहिली कळशी तिनंच बुडवली. संध्याकाळपर्यंत हौद रिकामा, बाप्तिस्मे लांबले!

मग सासरहून निरोप आला, त्या लोकांत बसतेस तर घरी येऊ नकोस. यजमानांनी बाप्तिस्म्याला नाही म्हटलं ते कायमचंच. मावशी चर्चला जात राहिली. पण प्रभुभोजनाची भाकर बाप्तिस्मा झालेल्यांसाठी. ताट आलं की ती न घेता पुढं सरकवायची, वर्षानुवर्षं. यजमान वारले, तोवर गुडघे गेले.

संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढताना मी विषय काढला.

“मावशी, पाळक म्हणतात डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं तरी चालेल.”

“आन् म्या काय तुळशीचं रोप हाय व्हय?”

“हौदाच्या पायऱ्या निसरड्या आहेत गं आई,” वंदना म्हणाली.

“तू माझं लगीन लावायलीस का मयत? मेंढरं धुतल्यात म्या पुरात. अर्धं भिजून काय व्हतंय?”

मी पिशवीतून पातळ काढलं. वंदनानं माझ्याकडं असं बघितलं, की विचारू नका.

आता शेडच्या जागी पक्की इमारत आहे, हौद तोच. व्यासपीठाच्या फळ्या उचलल्या की खाली उतरायच्या पायऱ्या. रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पाळक आधीच कमरेइतक्या पाण्यात उभे होते. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं वंदना. दुसऱ्या पायरीवर मावशीचा गुडघा लचकला आणि वंदनानं डोळे मिटले. “धर की नीट, पांढरी पडलीस तूच,” मावशी तिच्यावरच खेकसली. पाळकांनी तिला मागं झुकवलं. पांढरं पातळ पाण्यावर फुगलं, ती दिसेनाशी झाली, आणि वर आली.

“लई गार हाय!” सगळं चर्च हसलं.

कोरडी होऊन ती माझ्याशेजारी बसली. ताट आलं. सवयीनं तिनं ते पुढं सरकवलंच! वंदनानं ते परत तिच्यासमोर धरलं. मावशीनं तुकडा उचलला आणि कितीतरी वेळ चावत राहिली.

नंतर मी हळूच बाटली भरून घ्यायला हौदापाशी गेले. माझी शाळा कॉन्व्हेंटची; तिथल्या चॅपेलात दाराशी पवित्र पाण्यात बोट बुडवून आत जायची सवय, तीच नडली.

“अगं येडे, नळाचं पाणी हाय ते,” मावशी म्हणाली. “त्याला का तीर्थ करायलीस? पेरूला जातंय.”

खरंच, हौदाचा पाइप थेट अंगणातल्या पेरूच्या आळ्यात सोडलेला होता. शेड असल्यापासूनची पद्धत. झाड मात्र वाकलं होतं फळांनी.

जाणार असाल तर रविवारीच जा, कुणीही आत घेतं. पुण्याला पोचले तेव्हा बाटली रिकामी आणि पिशवी पेरूंनी जड. सोसायटीत वाटले. मीठ लावून खाताना नातीनं विचारलं, “आजी, इतके गोड कसे?”

म्हटलं, “बस इथं, सांगते.”