बाकावरची चाचणी

मुलांच्या शारीरिक चाचण्या घेणं हा माझ्या थोरल्या भावाचा सगळ्यात आवडता उद्योग होता. कतारमध्ये, दोह्यातल्या मुशैरिब मोहल्ल्याच्या बाजूला एक शाळा होती, तिथे तो पीटीचा मास्तर आणि मी कारकून. साठीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. धावणं, दोर चढणं, बारला लटकून अंग उचलणं, आणि शेवटी बाकावर चढ-उतार. बाकावरून उतरलेल्या मुलाला खाली बसवायचं, थोडं थांबायचं आणि मनगट धरून नाडी बघायची. लवकर ठिकाणावर आली तर पोरगा तयार. नाडी बघायला भाईनेच मला शिकवलं. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात नाडी बघायची ती अंथरुणाला खिळलेल्याची, त्यामुळे धडधाकट पोरांची मनगटं धरताना मला आधी हसूच यायचं.

‘‘मार्क वशिल्यानं मिळतील, दम नाय मिळत,’’ भाई म्हणायचा. मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणाऱ्यांची मुलं होती ती. त्यांचा दम बघून हा स्वतःच पास झाल्यासारखा खूश व्हायचा.

त्या हिवाळ्यात शाळेवर देखरेखीला नवा इंग्रज साहेब आला आणि त्याने फर्मान काढलं की मुलांच्या आधी मास्तरांची चाचणी. नापास होईल त्याने घरचा रस्ता धरायचा. तेव्हा रमजान चालू होता. मुलांना ईदपर्यंत सूट मिळाली. मास्तरांनाही मागितली असती तर मिळाली असती, पण मागायची कोणी? मर्दुमकीचं हे खूळ मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

भाईचा श्वास तोवर दोन-तीन महिने लागत होता. जिना चढून आला की दारात उभा राहायचा आणि मी बघितलं की उगाच चप्पल झटकायचा. विचारलं तर, ‘‘काय झालं नाय मला. वारा बाधला.’’ गावाला भाभी होती, तीन मुलं होती. नोकरी गेली तर पुढे काय, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

चाचणीच्या दिवशी सेहरी, म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं खाणं संपून, अजान होऊन बराच वेळ झाला होता. मी उठलो तर भाई स्टोव्हपाशी पाठमोरा बसून चहात पाव बुडवून खात होता. कळायला लागल्यापासून त्याने एकही रोजा चुकवला नव्हता. तापात चुकवला नव्हता, बोटीवर उलट्या होत असताना चुकवला नव्हता. मला बघून त्याने कप खाली ठेवला नाही. ‘‘आज अंगात ताकद पायजे,’’ एवढंच म्हणाला. मला त्याची इतकी कीव आली की मी पुन्हा डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं.

धावला तो बरा. बार केला. बाकावरून मात्र उतरला तेव्हा ओठ काळे पडले होते. मी मनगट धरलं. नाडी उधळली होती, मध्येच गायब व्हायची, मग दोन ठोके एकदम यायचे. थांबलो, पुन्हा बघितली. तेच.

अरब हेडमास्तर भला माणूस होता. म्हणाला, ‘‘रोजा आहे, दुसरं काही नाही. खलास, ईदनंतर पुन्हा घेऊ.’’ साहेबानेही मान डोलावली. भाई सुटला होता. मी गप्प राहिलो असतो तर ईदनंतर त्याच बाकावर तो पुन्हा चढला असता.

‘‘त्याचा आज रोजा नाही,’’ मी म्हणालो. ‘‘ही आजारी माणसाची नाडी आहे. आधी डॉक्टरला दाखवा.’’

सगळे मास्तर तिथेच उभे होते, त्यात आमच्या कोकणातलेही दोघं. बाजूला नेऊन सांगायचं होतंस, असं नंतर अनेकांनी मला सुनावलं. असल्या हुशाऱ्या नंतरच सुचतात. माझ्या बोटांखाली माझा भाऊ बुडत होता. आज विचारलंत तरी मी हेच बोलेन, आणि आजही माझी छाती तशीच फाटेल.

भाईने मनगट सोडवून घेतलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

डॉक्टरने हृदयाचा दोष सांगितला, विश्रांती सांगितली, उपाशी राहायचं नाही म्हणून बजावलं. नोकरी गेली. गावी जाऊन पावसाळ्याच्या आत तो गेलाही. म्हणजे मी त्याला वाचवलं नाहीच. ज्या माणसाने उभ्या जन्मात एकच रोजा चुकवला, त्याचा तो एकच मी चारचौघांत उघडा केला.

आमचं शेवटचं बोलणं धक्क्यावर झालं. ईद होऊन गेली होती; आता रोजा धरायचा तो फक्त चुकलेला भरून काढायला. बोटीकडे नेणारी लाँच लागली होती आणि कोकणातली बरीच मंडळी पोचवायला आली होती. भर दुपारी मी त्याच्यापुढे फडक्यात बांधलेली भाकरी आणि तळलेली मासळी धरली. त्याने हात पुढे केला नाही.

‘‘रोजा आहे माझा,’’ तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाला, आणि तेवढे तीन शब्द बोलताना त्याला मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला.