दुसरा पाइप

धंद्यातली माणसं त्या वायरमनला नियमबुवा म्हणायची, तेही चेष्टेनेच. उघड्यावरचा दिवा पाइपवर उभा करायचा तर दिव्याखालच्या बॉक्सला दोन पाइप हवेत, दोन्ही आट्यांत घट्ट आवळलेले आणि बॉक्सच्या जवळच क्लँपने धरलेले. एका पाइपवरचा दिवा कधी फिरेल नेम नाही, असं तो ऐकणाऱ्याचे कान किटेपर्यंत सांगायचा.

आणि याच माणसाने लेकीच्या सासरी, फाटकाशेजारी, एका पाइपवर दिवा उभा केला होता. चूक कसली, लबाडी होती ती. विहीणबाईंना त्याची ये-जा खपत नसे, म्हणून तो निमित्तं काढायचा. आज पंखा कुरकुरतो, उद्या स्विच सैल झाला. दुसरा पाइप पुढच्या खेपेला बसवतो म्हणाला, तोही तेवढ्यासाठीच. पण त्यानंतर जावयाने हात जोडून सांगितलं की यापुढे काही बिघडलं तर आम्ही दुसरा माणूस बोलावू. पुढची खेप राहिली ती राहिलीच.

तरी पाय त्या गल्लीत वळायचेच. आज सकाळी तो फाटकावरून जाताना थबकला. त्याने पायरीकडे तोंड करून बसवलेला दिवा रस्त्याकडे बघत होता. म्हणजे कुणीतरी तो हवा तसा फिरवत होतं. दर फिरवण्याला आटे सैल होणार, आतल्या वायरी पिळल्या जाणार, घासून सोलवटणार, आणि एक दिवस अख्ख्या पाइपात करंट उतरणार. त्या जुन्या घरात अर्थिंगचा काही भरवसा नव्हता. त्यात पाइपाला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली. ओले कपडे वाळत घालायला रोज कोण येतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

त्याने गल्लीच्या टोकाशी जाऊन फोन लावला. जावयाचा लागेना. विहीणबाई म्हणाल्या, सापडलं वाटतं नवीन निमित्त, आणि फोन ठेवून दिला. शेवटी लेकीने उचलला.

"बाबा, नका ना आता. तुम्ही येऊन जाता आणि बोलणी मी खाते."

पुढचं तिने ऐकलंच नाही. लांडगा आला रे आला करून बसलेल्या माणसावर पोटची पोर तरी कशी विश्वास ठेवणार? तो तसाच धावत मागे फिरला. फाटकाला आतून कुलूप होतं. गजांना धरून तो हाका मारत राहिला, आणि ती आली ती कपड्यांची बादली घेऊनच.

"तिथेच थांब. दोरीला हात लावू नकोस. पाया पडतो तुझ्या."

बाप असं बोलल्यावर ती जागीच खिळली. त्याने गजांतून हात घालून टेस्टर पाइपाला टेकवला. टेस्टर पेटला.

तिने बादली खाली ठेवली, आत जाऊन मेन स्विच बंद केला आणि किल्ली घेऊन आली. विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्याने दिवा उतरवला. आतली वायर बोटभर सोलून निघाली होती. लेकीने ती वाकून पाहिली.

"बाबा, सगळ्या जगाला दोन पाइप सांगता. इथे एकच का?"

विसरलो म्हणता आलं असतं. त्याला तेही जमलं नाही.

"परत यायला काहीतरी काम राहावं म्हणून."

तिने पाइपाची दोरी सोडून गुंडाळली.

"उरलेलं काम दुसऱ्या माणसाकडून करून घेऊ आम्ही," ती म्हणाली, आणि तो बाहेर पडल्यावर तिने कुलूप लावलं.

तो चार पावलं गेला असेल नसेल, तिने हाक मारली. तो जवळजवळ पळतच परत आला. त्याचा टेस्टर फाटकाजवळच्या कट्ट्यावर राहिला होता, तो तिने आठवणीने गजांतून बाहेर दिला.