मिस्त्रींचं खातं

निवडून आलेल्या सात जणांपैकी एकालाही सुईत धड दोरा ओवता येत नसावा, असा मिस्त्रींच्या सुनेला पक्का संशय होता. तरी हे सात जण अठ्ठावीस हजार माणसांवर राज्य करत होते. अठ्ठावीस हजार म्हणजे इंटरनेटवरच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या एका मंचाचे सभासद: घरी बसून शिवणाऱ्या बाया, गल्लीबोळातले शिंपी, लहानसहान कारखान्यांतले कारागीर. मशीन अडलं की माणूस तिथे प्रश्न टाकायचा, सोबत मशीन चालतानाचा व्हिडिओ, आणि कोणीतरी जाणकार उत्तर द्यायचा. इतकं साधं काम. पण काम साधं राहिलं तर काही लोकांना करमत नाही. त्यांनी घटना लिहिली, निवडणूक लावली आणि वर संचालक मंडळ बसवलं. अठ्ठावीस हजारांतल्या तीनशे चाळीस जणांनी मत दिलं. बाकीचे शिवत होते.

मिस्त्री म्हणजे सूनबाईचे सासरे. चाळीस वर्षं ते एका जिन्याखालच्या दुकानात बसले. जागा एवढीशी की गिऱ्हाईक बाहेरच उभं राहायचं, आणि जिन्यावरून कोणी धावत उतरलं की मिस्त्रींच्या डोक्यावर धूळ पडायची. मशीन उघडायच्या आधी ते चालवून ऐकायचे. डोळे मिटून, मान खाली घालून. गिऱ्हाईक मध्ये बोलायला गेलं तर बोट वर करायचे. मग पाना उचलायचे तो थेट दुखण्यावरच. पण सत्तरीला टेकले आणि हात थरथरायला लागले. आधी चमच्यातलं सांडायचं, मग बोटांतून स्क्रू निसटायला लागले. एका बाईच्या नव्याकोऱ्या मशीनवर त्यांच्या हातून वीतभर ओरखडा उठला, त्या दिवशी त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं ते कायमचं. घरी बसून माणूस निम्मा झाला. जेवण झालं की समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे, आणि विचारलं तर म्हणायचे, काही नाही.

सूनबाईचा नवरा बोटीवर नोकरीला. वर्षातले आठ महिने घरात हे दोघंच. ती सकाळी एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसायची आणि दुपारी घरी यायची. एका दुपारी तिने तो मंच उघडला, कोणाच्या तरी खडखडणाऱ्या मशीनचा व्हिडिओ लावला आणि फोन सासऱ्यांच्या कानाशी धरला.

"बाबा, हे जरा ऐका."

मिस्त्रींनी डोळे मिटले. "शटलखाली दोऱ्याचा तुकडा अडकलाय. काढायला सांग त्याला."

तिने ते लिहून टाकलं. अर्ध्या तासात त्या माणसाचा निरोप आला की तुकडा निघाला, मशीन लोण्यासारखं चालतंय. मिस्त्री त्या संध्याकाळी दोन घास जास्त जेवले.

मग रोज दुपारी तीन ते पाच बंद गॅलरीत दुकान भरायला लागलं. टेबलावर स्क्रूंचा डबा, त्याला टेकवलेला फोन, एका खुर्चीत मिस्त्री, दुसरीत सूनबाई. ते ऐकायचे आणि सांगायचे, ती लिहायची. मिस्त्रींची उत्तरं म्हणजे दोन ओळी: तेल घाल, अमुक काढ, तमुक बसव. सहा वर्षांत अशी अकरा हजार उत्तरं झाली. खातं मिस्त्रींच्या नावावर होतं, कारण डोकं त्यांचं होतं. यात कोणाला शंका येईल असं दोघांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

संचालक मंडळाचं कर्तृत्व मात्र वेगळं होतं. अध्यक्ष विमा कंपनीतून निवृत्त झालेले. घरात त्यांचं कोणी ऐकत नसावं, म्हणून बाहेर ऐकवायला आलेले. उपाध्यक्षबाईंकडे काचेच्या कपाटात अकरा जुनी मशिनं होती. त्यांतलं एकही त्या चालवत नसत, चालवलं तर झिजतं म्हणे. आणि सचिव हा असा प्राणी की त्याला कोणी पाणी दिलं असतं तरी त्याने आधी विचारलं असतं, कोणत्या कलमाखाली? या मंडळींनी पहिलं वर्ष मंचाच्या चिन्हाचा रंग ठरवण्यात घालवलं. मग नियम केला की प्रत्येक उत्तराची सुरुवात नमस्काराने व्हावी. मग दुसरा, की मंचावर कोणी फोन नंबर देऊ नये. सूनबाई नियम वाचायची, मनातल्या मनात चार शब्द हासडायची आणि "तेल घाल"च्या आधी नमस्कार जोडायची. मिस्त्रींना तिने हे कधी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं असतं, नमस्काराने मशीन चालतं का?

पुढच्या निवडणुकीआधी मंडळाच्या लक्षात आलं की आपल्यात कारागीर एकही नाही, आणि लोक त्यावर हसतात. तेव्हा अध्यक्षांनी मिस्त्रींना आग्रहाने उभं केलं. मिस्त्रींना खुर्चीची हौस नव्हती, पण एवढं बोलावतात तर नाही कसं म्हणायचं, म्हणून ते हो म्हणाले. उमेदवारांच्या व्हिडिओ बैठकीला इस्त्रीचा शर्ट घालून बसले. बटणं सूनबाईने लावून दिली.

अध्यक्षांनी गोड आवाजात विचारलं, "मिस्त्री, एवढी उत्तरं लिहिता, दिवसाचा किती वेळ जातो?"

"मी कुठे लिहितो?" मिस्त्री म्हणाले. "लिहिते सून. मी नुसता ऐकतो आणि सांगतो."

सचिव एवढा वेळ पेंगत होता, तो ताठ झाला. "म्हणजे एका खात्यावर दोन व्यक्ती आहेत?"

"दोन कशा? ती लिहिते, मी सांगतो."

"एक खातं, एक व्यक्ती, एक मत. कलम चार."

"अहो, पण आम्ही दोघं मिळून एकच मत देतो," सूनबाई मागून म्हणाली. "यात लबाडी झाली असेल तर ती आमच्याशीच झाली ना?"

तिला सांगण्यात आलं की बैठकीत फक्त सभासदांनी बोलावं.

चौकशी सहा आठवडे चालली. सात प्रौढ माणसं सहा आठवडे एवढ्याच प्रश्नावर खल करत होती, की म्हाताऱ्याचं उत्तर म्हाताऱ्याचं म्हणायचं की नाही. कोणी विचारलं नाही की अकरा हजारांतली चुकीची किती निघाली. तेवढ्यासाठी उत्तरं वाचावी लागली असती. शेवटी निकाल आला. जी व्यक्ती स्वतःच्या हाताने लिहिते तीच सभासद. सबब हे खातं सुनेचं, आणि मिस्त्रींची उमेदवारी बाद. तिने प्रतिज्ञापत्रावर सही करावी की यापुढे उत्तरं सर्वस्वी तिची असतील आणि लिहिताना तिला दुसरं कोणी सांगणार नाही. सही केली नाही किंवा प्रतिज्ञा मोडली, तर खातं बंद, आणि जुन्या उत्तरांवर मिस्त्रींच्या नावाऐवजी "माजी सभासद" असं येईल. मिस्त्रींना हवं तर त्यांनी नवं खातं काढावं, मात्र स्वतः लिहावं.

मिस्त्रींनी ते करून पाहिलं. एका ओळीला पाऊण तास लागला, आणि ती ओळ त्यांनाच वाचता आली नाही. बोलून लिहायची सोय होती, पण कवळीतून येणारं त्यांचं बोलणं फोनला उमगेना. त्यांनी फोन पालथा घातला.

"सही कर," ते म्हणाले.

"मी नाही करणार. त्या सचिवाच्या तोंडावर मारीन तो कागद."

"कर, पोरी. त्या सात जणांचं काय घेऊन बसलीस? लोकांची मशिनं अडलीत. सहा वर्षं ऐकतेयस, चार गोष्टी तुलाही कळतात."

तिने दातओठ खात सही केली. आणि मग मिस्त्रींनी जे केलं त्याने तिचा जीव तीळतीळ तुटला. दुपारचे तीन वाजले की ते गॅलरीचं दार बाहेरून ओढून घ्यायचे, आतल्या खोलीत जायचे आणि रेडिओ मोठ्याने लावायचे. चुकूनही कानावर मशीन पडायला नको. ते पडलं तर तोंडातून उत्तर जाणार, आणि सुनेची सही खोटी ठरणार. तो भिकार कागद अख्ख्या मंचावर एकट्या मिस्त्रींनी मनापासून पाळला.

तीन आठवडे सूनबाईने एकटीने निभावलं. सोपी दुखणी तिला कळायची, अवघड प्रश्नांवरून ती गुपचूप पुढे सरकायची. मग पिशव्या शिवणाऱ्या एका बाईचा व्हिडिओ आला. जुनं पायाचं मशीन, मध्येच टक करायचं आणि अडखळायचं. सूनबाईने तो पाचदा ऐकला आणि लिहिलं, सुई बदला. बाईने बदलली. टक तसंच. मग लिहिलं, बॉबिनची पेटी काढून साफ करा. बाईने तेही केलं आणि परत लिहिलं: "ताई, राग मानू नका, पण पूर्वी तुमच्याकडून एका फटक्यात उत्तर यायचं. परवा माल द्यायचाय, हात बांधून बसलेय."

सूनबाई फोन घेऊन तडक आतल्या खोलीत गेली. रेडिओवर कोणी बाई केस गळण्यावर उपाय सांगत होती, आणि डोक्यावर एक केस नसलेले मिस्त्री ते कान देऊन ऐकत होते. तिने रेडिओ बंद केला.

"बाबा, हे ऐका."

"तू सही केलीयस."

"केली. चुकलं माझं. ऐका."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. डोळे मिटले. तीन आठवडे उपाशी असलेल्या माणसाने ताट ओढावं तसं त्यांनी फोन कानाशी ओढला. ओठ हलत होते, ते मोजत होते. दोनदा ऐकलं.

"सात टाके, मग टक. पुन्हा सात, एकदा आठ. सुईचं असतं तर दर टाक्याला वाजलं असतं. चामड्याचा पट्टा एकदा फिरून यायला तेवढे टाके लागतात. पट्ट्याच्या जोडाची तार वर आलीय, चाकाला लागतेय. हातोडीने ठोकून बसव म्हणावं." ते थांबले. "सुई बदलायला कोणी सांगितलं?"

"मी."

"हं," मिस्त्री म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

तिने उत्तर लिहिलं. खाली आणखी लिहिलं: "हे उत्तर माझं नाही. माझे सासरे सांगतात आणि मी लिहिते, कारण त्यांचे हात थरथरतात. आधीची अकरा हजारही त्यांचीच." मग ते त्यांना वाचून दाखवलं.

"काढतील," मिस्त्री म्हणाले.

"काढू देत."

दोघं गॅलरीत येऊन बसली. वीस मिनिटांत बाईचा नवा व्हिडिओ आला. बोलणं काही नाही, नुसतं मशीन, सलग, एका लयीत. मिस्त्रींनी तो शेवटपर्यंत ऐकला.

"बरं चाललंय," ते म्हणाले. चेहऱ्यावर रंग आला होता. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. "पुढचं लाव. किती तुंबलेत?"

"एक्केचाळीस," ती म्हणाली आणि तिने पुढच्या प्रश्नावर बोट टेकवलं. तो उघडला नाही. चौकशीला सहा आठवडे घेणाऱ्यांनी हे काम पाऊण तासाच्या आत उरकलं होतं. पडद्यावर आधी नमस्कार होता, आणि खाली, आपले सभासदत्व समाप्त करण्यात आले आहे.

"लाव की," मिस्त्री म्हणाले.

"लागणार नाही, बाबा. काढलं आपल्याला."

मिस्त्री तसेच कान पुढे करून बसून राहिले.

"आणि त्या एक्केचाळीस मशिनांचं काय?" त्यांनी विचारलं.