छोटी, हलकी बॅटरी पाहिजे

हेबेर बिदेगाइन खोकला की उरुग्वेतल्या आमच्या ला तेहा वस्तीतली निम्मी कुत्री उठून बसायची. उरलेली निम्मी बहिरी होती, असं त्याची बायको निबिया म्हणायची.

माणूस सदुसष्ट वर्षांचा. निम्मी हयात काचकारखान्याच्या भट्टीपुढे गेली, आणि गेली अडतीस वर्षं प्रत्येक कार्निव्हलला ‘ढिला नट’ या मुर्गाचा मोठा ढोल त्याच्याच खांद्यावर. आता मुर्गा म्हटल्यावर कोंबडा डोळ्यापुढे आणू नका. चौदा गाणारे, तीन वाजवणारे, सगळ्यांच्या तोंडाला रंग, आणि मंत्र्यापासून शेजारणीपर्यंत कुणाचीही भर मांडवात टर उडवायचा परवाना, त्याचं नाव मुर्गा.

अडतीस वर्षं ढोल वाहून डावा खांदा कामातून गेला होता. त्यावर हेबेरचा उपाय गच्चीत होता. सहा कुंड्या, गांजाची सहा झाडं, आमच्या कायद्याप्रमाणे रीतसर नोंदवलेली. “माझ्याकडे कधी इतक्या प्रेमाने बघितलं नाहीस,” असं निबिया रोज ऐकवायची. त्याचा पाला वळून ओढला की खांदा सैल व्हायचा हे खरं. पण धुराने छातीचं पार भजं केलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, “धूर बंद. सगळंच सोडलंस तर बरं, पण तू सोडणार नाहीस हे तोंडावरच दिसतंय. निदान वाफ घे, धूर नको.”

डॉक्टरांचं कोण ऐकतो! पण मुर्गाचा म्होरक्या ग्वाल्बेर्तो याचं ऐकावं लागलं. मागच्या कार्निव्हलला निरोपाच्या गाण्यात, सगळा मांडव चिडीचूप असताना, हेबेरला अशी ढास लागली होती की पहिल्या रांगेतल्या बाईने उठून त्याला पाणी दिलं. लोक हसले. ग्वाल्बेर्तो हसला नाही. या मंगळवारी त्याने हेबेरला बाजूला घेतलं.

“रविवारी पूर्ण तालीम आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकदा जरी खोकलास तर ढोल दुसऱ्याला देतो. मला वाईट वाटेल, पण देईन.”

हेबेर मान हलवून घरी आला आणि निबियाला अवाक्षर बोलला नाही. मित्रांनाही नाही. लाज वाटत होती, दुसरं काय! भट्टी गेली, दात गेले, पोरगी लग्न होऊन साल्तोला गेली. आता ढोल गेला तर या माणसाचं राहणार काय? दुसऱ्या दिवशी सकाळीच तो यामिलाच्या दुकानात हजर झाला.

यामिलाच्या दुकानात कुंड्या, खत, दिवे आणि वाफाऱ्याची यंत्रं मिळतात. पोरगी पंचविशीची, नखं हिरवीगार, आणि गिऱ्हाइकाला सगळं समजेपर्यंत सोडत नाही.

“हे बघा आजोबा,” तिने एक दांडगं यंत्र काचेवर ठेवलं. “हे मोठं. एकदा चार्ज केलं की दीड तास हूं की चूं करत नाही. हा काचेचा अडॅप्टर लावला की वाफ पाण्यातून गार होऊन येते. घशाला गोडी लागेल.”

हेबेरने खांद्यावरची चामडी पिशवी उघडली. तीत माते या आमच्या कडू चहाचा भोपळा, चहापत्तीचा डबा आणि गरम पाण्याचा थर्मास. यंत्र काही केल्या आत जाईना.

“थर्मास काढा की,” यामिला म्हणाली.

“थर्मास काढू?” विजार घरी ठेवून जा म्हटल्यासारखं हेबेरने तिच्याकडे बघितलं. “पोरी, तू उरुग्वेचीच ना?”

“बरं बाई, हे घ्या. सगळ्यांत छोटं.” हे लिपस्टिकएवढं होतं. “वीस मिनिटं चालतं.”

“वीस? अगं, वीस मिनिटांत आमच्या सरकारला शिव्याही सुरू होत नाहीत. आम्ही एका रात्रीत चार मांडव करतो, मधे ट्रकचा प्रवास. पहिल्या मांडवालाच हे मान टाकणार. आणि अडॅप्टर?”

“याला लागत नाही.”

“म्हणजे सोयच नाही, असं म्हण.”

मग हेबेरने खिशातून स्वतःचं काढलं. जावयाने दिलेलं, मुठीत मावणारं, थर्मासच्या कुशीत अगदी घडवून घेतल्यासारखं बसणारं. वर्षभर कपाटात मेल्यासारखं पडलं होतं. यामिलाने ते उघडलं, आतली गोल बॅटरी काढून मोजयंत्राला लावली आणि ओठ मुडपले.

“यंत्र ठणठणीत आहे हो. तुम्हाला हेच योग्य. फक्त बॅटरी गेली. माझ्याकडे या जातीची नाही, मागवली तर महिना. वस्तीत कुणाकडे तरी असेल. बेकरीत चिठ्ठी लावा ना. आणि एक सांगते आजोबा, धूर सोडला म्हणून खोकला दुसऱ्या दिवशी जात नसतो.”

“आजोबा असेल तुझा शेजारी,” हेबेर म्हणाला आणि थेट बेकरीत गेला. तिथे आमच्या वस्तीची सगळी लग्नं, मयतं आणि हरवलेली मांजरं भिंतीवर लागलेली असतात. त्याने ठळक अक्षरांत लिहिलं:

‘छोटी, हलकी बॅटरी पाहिजे. जुनीत दम राहिला नाही. मध्येच बंद पडणारी नको, पूर्ण कार्यक्रम टिकली पाहिजे. अडॅप्टरसह असल्यास उत्तम. रविवारच्या आत. हेबेर बिदेगाइन, ढिला नट.’

चिठ्ठीत चूक काही नव्हती. पण आमच्याकडे मुर्गाच्या तीन वाजवणाऱ्यांना, ढोल, झांजा आणि ताशा यांना मिळून काय म्हणतात? बॅटरी! मोबाइलमधलीही बॅटरी आणि ही तिघंही बॅटरी. जन्मभर ढोल बडवलेल्या माणसाने हे ध्यानात ठेवायला नको? पण नाही ठेवलं. खाली ‘ढिला नट’ लिहून तर त्याने कहरच केला.

दुपारी चारला दार असं वाजलं की निबियाच्या हातातली बशी सुटली. दारात ऑलिव्हेरा, झांजवाला, वजन एकशे वीस किलो. त्याच्या काखेखालून डोकावणारा चिकितो, ताशावाला, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी.

“हलकी पाहिजे म्हणे!” ऑलिव्हेरा गरजला. “माझ्या वजनाचा आज त्रास व्हायला लागला काय रे तुला? चोवीस वर्षं ट्रकमध्ये माझ्याच पोटाला टेकून झोपलास!”

“आणि छोटी कशाला लिहिलंस?” चिकितोचा आवाज चिरकला. “माझ्यापेक्षा छोटी आणणार कुठून? बालवाडीतून?”

हेबेरला काही कळेना. “अरे, काय झालंय काय तुम्हाला?”

“मध्येच बंद पडणारी नको!” चिकितो पाय आपटत म्हणाला. “एकदा बंद पडलो होतो, एकदा! तेही जुलाब होत होते म्हणून! ते तू बेकरीत लावतोस? पाव घ्यायला येणाऱ्या बायका मला विचारतात, पोट कसं आहे!”

“आणि अडॅप्टर,” ऑलिव्हेरा आता दुखावल्या आवाजात म्हणाला. “म्हणजे जुळवून घेणारा माणूस, असंच ना? मी जुळवून घेत नाही? तू जन्मात कधी तालात वाजवलंस? मी जुळवून घेतो म्हणून ऐकायला बरं वाटतं.”

निबियाने भांडण विझवायला माते भरून चिकितोपुढे धरला. चिकितोने तोंड न लावताच तो परत दिला आणि म्हणाला, “आभारी आहे.” आमच्याकडे माते परत देताना आभार मानले की यापुढे तुमचा माते नको, असा अर्थ होतो. निबियाचा चेहरा खर्रकन उतरला.

तेव्हा कुठे हेबेरची ट्यूब पेटली. त्याने खिशातून यंत्र काढलं, उघडलं आणि मेलेली बॅटरी टेबलावर ठेवली.

“ही,” तो म्हणाला. “गाढवांनो, ही पाहिजे. ही छोटी. ही हलकी.”

दोघे वाकून बघत राहिले. आधी निबिया फुटली. मग ऑलिव्हेरा असा हसला की खुर्ची करकरली. चिकितोने गुपचूप मातेचा भोपळा पुन्हा हातात घेतला. पण हसता हसता त्याचा राग उलटा फिरला आणि तोंडातून सुटलं:

“आणि आम्ही येडे! काल ग्वाल्बेर्तोने रविवारचं सांगितलं तेव्हाच त्याला सुनावून आलो, हेबेर गेला तर आम्ही दोघंही चाललो. आणि आज बेकरीत बघतो तर ही चिठ्ठी!”

ऑलिव्हेराने त्याला कोपर मारलं, पण उशीर झाला होता.

“गेला तर म्हणजे?” निबिया म्हणाली. “कुठे गेला तर?”

मग हेबेरला सगळं सांगावं लागलं. रविवारचं, खोकल्याचं, सगळं. निबियाने शिव्या दिल्या, इतक्या की मातेचं पाणी पुन्हा तापवावं लागलं. हेबेर खाली मान घालून ऐकत होता. आपल्यापायी ही दोघं पण जाणार, हे त्याच्या मनात खिळ्यासारखं बसलं.

बॅटरी शेवटी ऑलिव्हेराच्या विजेरीत सापडली. तो गोदामावर राखणदार आहे. तीच जात, तोच घेर. चार्ज करायला मात्र तिच्या चार्जरचे काटे भिंतीत जाईनात, म्हणून एका अडॅप्टरवर दुसरा, त्यावर निबियाच्या इस्त्रीचा तिसरा, असा मनोरा भिंतीतून वीतभर बाहेर आला. आणि मग तिघांनी शास्त्रीय परीक्षा घेतली. बॅटरी किती टिकते ते घड्याळावर नाही, कार्यक्रमावर मोजायचं. चिकितो टेबलावर बोटांनी ताशा वाजवी, ऑलिव्हेरा झाकणांच्या झांजा, आणि पूर्ण कार्यक्रम संपला की हेबेरने चार झुरके वाफ घ्यायची. यंत्र चार कार्यक्रम पुरलं. पाचव्याला लाल दिवा लागला, तोवर शेजारणीने भिंत ठोकली होती.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार हेबेरने धुराला हात लावला नाही. खांदा बरा होता. छाती मात्र अजून खरखरत होती. मधाचं पाणी, ओव्याचा काढा, निबियाने काय काय पाजलं देव जाणे.

रविवारी दुपारी क्लबच्या अंगणात तालीम सुरू झाली. सलामी झाली, टर उडवून झाली, हेबेर हूं नाही की चूं नाही. निबिया भिंतीशी रुमाल पिळत उभी होती. शेवटी निरोपाचं गाणं आलं. गाणारे हळूहळू थांबले, ढोलाच्या एकाच ठोक्यासाठी सगळे गप्प झाले. आणि छातीच्या तळातून ढास आली. हेबेरने दात आवळले, डोळ्यांत पाणी आलं, पण ती थांबली नाही. तो खोकला. दोनदा.

ग्वाल्बेर्तोने हात वर केला. सगळं थांबलं.

हेबेरने कुणाकडे बघितलं नाही. त्याने भराभर पट्टा सोडायला घेतला. आपणच आधी निघालो तर ही दोघं राहतील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. ढोल जमिनीवर टेकवून तो वळला, आणि बघतो तर झांजा जमिनीवर होत्या. ताशा जमिनीवर होता. ऑलिव्हेरा टोपी घालत होता. चिकितो म्हणाला, “चल रे, निबिया मातेचं पाणी तापवेल.”

चौदा गाणारे ग्वाल्बेर्तोकडे बघत होते. ग्वाल्बेर्तो जमिनीवरच्या तीन वाद्यांकडे बघत होता.

“नाटकं पुरे झाली,” शेवटी तो म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. “निरोप पहिल्यापासून घ्या. आणि त्या ठोक्याच्या आधी चौदाही जण खोका. मांडवाला वाटू दे, गाण्यातलंच आहे.”

हेबेर ढोल उचलायला वाकला, पण त्याला ढोल दिसत नव्हता. तो रडत होता, आणि लपवतही नव्हता. मग एका बाजूने ऑलिव्हेराने आणि दुसऱ्या बाजूने टाचा उंचावून चिकितोने ढोल धरला आणि त्याच्या खांद्यावर चढवला.