लगेच मिळालेला नंबर

फुलचूरच्या लोकेशला कॉम्प्युटरचं वेड होतं आणि वेडाला पगार देणारी जागा त्याला एकच मिळाली, देवरीतल्या एका ट्रस्टचं रुग्णवाहिका केंद्र. साल २००९. वच्छलाबाई फोन घ्यायच्या, गावाचं नाव टाकायच्या आणि पडद्यावर आलेला ड्रायव्हरचा नंबर नातेवाइकांना सांगायच्या. केंद्राच्या फोनवरून बाहेर कॉल लागत नसे. पण प्रोग्राम दर वेळी गावं आणि ड्रायव्हरांचे नंबर असलेली सेटिंगची फाइल उघडून पहिल्या ओळीपासून वाचत बसायचा. "हा पाहून राहिला का झोपून राहिला?" वच्छलाबाई वैतागायच्या.

लोकेशनं युक्ती केली. प्रोग्राम सुरू होतानाच फाइल एकदा वाचायची आणि सारं मेमरीत धरून ठेवायचं. नंबर चुटकीसरशी येऊ लागला. मध्येच एखादा नंबर बदलला तर? त्याची लोकेशला काळजी नव्हती. लाइट रोज जायची, कॉम्प्युटर रोज बंद पडून चालू व्हायचा, फाइल आपोआप नव्यानं वाचली जायची. भारनियमनावर इतका भरवसा साऱ्या तालुक्यात दुसऱ्या कुणी ठेवला नसेल.

दोन वर्षांनी कुणा दात्यानं इन्व्हर्टर दिला. सगळ्यांत खूश लोकेशच झाला, आणि नेमकं तिथंच त्याचं डोकं चाललं नाही. कॉम्प्युटर नऊ दिवस बंदच पडला नाही. मधल्या काळात ड्रायव्हर खुशालनं सिम बदललं. लोकेशनं नवा नंबर स्वतःच्या हातानं फाइलीत टाकला.

नवव्या दिवशी दुपारी जंगलाकडच्या गावातून देवीदासचा फोन आला. बायको रीना बाळंतपणात अडली होती. वच्छलाबाईंनी लगेच नंबर दिला. मेमरीत राहिलेला, जुना. खुशाल गाडीसह केंद्रामागे फोनची वाट पाहत बसलेला होता. शेवटी रीनाला ट्रॅक्टरवर घातलं; देवरीच्या रस्त्यातच ती गेली. बाळही गेलं.

संध्याकाळी लोकेशला सारं कळलं. त्यानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि फाइल दर पाच मिनिटांनी वाचायची सोय केली. चार ओळींचं काम होतं ते. चौकशीला ट्रस्टची माणसं आली तेव्हा फाइलीत आणि पडद्यावर नवाच नंबर होता.

आठवड्यानं मृत्यूच्या दाखल्यासाठी देवरीला आलेला देवीदास केंद्रात डोकावला.

"बाई, तुमी तं लगेच नंबर देल्ला," तो म्हणाला. "मी लावून राहिलो, लावून राहिलो. त्यानंच मोबाइल बंद ठेवला."

"मी काऊन बंद ठेवू?" दारातून खुशाल म्हणाला, आणि त्यानं लोकेशकडे पाहिलं.

लोकेश पडद्याकडे वळला. महिनाअखेर खुशालला काढलं. लोकेश अजून तिथंच आहे.