लेकुरवाळीचं मागणं

आमच्या जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, हंगामाचा पहिला कापूस रेच्यात टाकायचा मान लेकुरवाळीचा असे. लेकुरवाळी म्हणजे जिचा नवरा धडधाकट आहे, लेकरं भरपूर आहेत आणि एकही दगावलेलं नाही, अशी बाई. अकोल्याच्या त्या जिनात, साठ सालानंतरच्या त्या वर्षांत, अशी बाई शोधावी लागत नव्हती. ती माझी थोरली जाऊ.

रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. एकेका रेच्यापुढं एकेक बाई उभी राहून त्याला दिवसभर कापूस चारायची. आवाज एवढा, की आम्ही बाया हातवारे करून बोलायचो. जाऊबाई मात्र तोंडानंच बोलायच्या, आणि पार गेटावरच्या चौकीदाराला ऐकू जायचं. गळाच तसा होता, काय करता.

शेठ देवाधर्माचा माणूस. दाखवायला नाही, खरोखरचा. मुंग्यांना साखर टाकल्याशिवाय सकाळचं पाणी तोंडात घेत नसे. कामगारांसाठी त्यानं जिनाच्या आवारातच दवाखाना काढला होता. ताप, खोकला, यंत्रात सापडलेलं बोट, बाळंतपण, सारं फुकट. बाळंतिणीला वर तूप अन् गूळ. त्या काळात असा मालक दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात तो वाईट दिसेल, आणि वाईट तर तो नव्हता.

त्याची ना एकाच गोष्टीला होती. सरकारी नर्सबाई लूपची, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून बाईच्या पिशवीत बसवायच्या कडीची, माहिती सांगायला आली, तेव्हा तिला त्यानं चहा पाजला आणि हात जोडून परत पाठवलं. मग मुकादमाकरवी आम्हा बायांना निरोप आला. लेकरं थांबवणं पाप आहे. ते माझ्या दवाखान्यात होणार नाही. जी बाहेर जाऊन करून येईल, तिच्या घरच्या कोणालाही इथलं औषध मिळणार नाही.

त्याच वर्षी जाऊबाईंचं सहावं बाळंतपण झालं. झालं कसलं, निभावलं. अंगातलं सारं रक्त गेलं होतं. दवाखान्याचे म्हातारे डॉक्टर बाहेर येऊन ओट्यावरच बसले आणि आमच्या भासऱ्यांना, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्याला म्हणाले, "पुढच्या खेपेला मी हिला वाचवू शकणार नाही. दुसरं कोणीही वाचवू शकणार नाही." लूप बसवा असं मात्र ते म्हणू शकले नाहीत. शेठचं मीठ खात होते.

आता जाऊबाईंचा पेच असा, की त्यांच्या मधल्या पोराला दमा होता. थंडी पडली की त्याची छाती भात्यासारखी वाजायची, आणि त्याचं औषध याच दवाखान्यातून यायचं. लूप बसवावा तर पोराचं औषध जातं. न बसवावा तर आईच जाते.

एका संध्याकाळी चुलीपाशी मी म्हटलं, "बाई, तुमचं माहेर अमरावतीचं. माहेरी जातो म्हना अन् तिथल्या सरकारी दवाखान्यात बसवून या. कोनाले समजते?"

"तुले सांगू काय? या जिनात कोनाच्या घरी वांगं शिजलं तेही समजते."

"समजू द्या. नाही म्हनाचं तोंडावर."

"अन् काहून वं? मी काय चोरी करून राहिली? माहा जीव वाचवून राहिली. आज मी चोरावानी गेली, तं उद्या माह्यामागून येनारीलेही चोरावानीच जा लागते."

भासरे भाकर मोडता मोडता म्हणाले, "तू म्हनशीन तसं." त्यांचा अख्खा संसार याच एका वाक्यावर चालला, आणि बरा चालला.

दसरा झाला आणि जिनाचा मुहूर्त आला. नारळ फुटला. शेठाणीनं जाऊबाईंची ओटी भरली. रिवाज असा, की ओटी भरलेल्या लेकुरवाळीनं शेठकडं काही मागायचं आणि शेठनं त्या दिवशी नाही म्हणायचं नाही. जाऊबाई दरसाल सगळ्या बायांसाठी गूळ-खोबरं मागायच्या. या वेळी त्यांच्या मनात काय आहे, हे आम्हा चारचौघींना ठाऊक होतं. त्यांनी कापसाचा पसा भरला, तशी मागून एकजण कुजबुजली, "टाकू नोको वं, हातातच ठेव. आधी कबूल करून घे!"

जाऊबाई वळल्या. "गप वं! लक्ष्मीले ओलीस ठेवू काय?" आणि कापूस टाकला. रेचा फिरला, पहिली रुई निघाली, ती देवापुढं ठेवली आणि प्रसादासाठी यंत्र थांबलं. मला आजही वाटतं, की खरी मोठी गोष्ट तीच. अडवायची वेळ हातात असून त्यांनी अडवलं नाही.

"माग बाई," शेठ म्हणाला.

"मले लूप बसवाचा हाय."

मुकादम आपल्या चपलांकडं पाहू लागला. शेठ हळूच म्हणाला, "बाई, जीव देणारा तो, नेणारा तो. आपण मधी पडू नये."

"खरं हाय, शेठजी. पन यंत्रात बोट सापडलं तं तुमी पट्टी बांधता. तवा नाही म्हनत, देवानंच तोडलं म्हनून."

मागं कोणीतरी फिसकन हसलं. शेठाणीनं पदर तोंडाला लावला.

"तुमचा धरम तुमी पाळा," जाऊबाई पुढं म्हणाल्या, "तुमच्या दवाखान्यात मी मागत नाही. तुमचा पैसाही नोको. मी अमरावतीले जाईन. पाप असन तं मी भोगीन. पन माह्या पोराले दम लागते, त्यानं काय पाप केलं?"

शेठनं देवापुढच्या रुईकडं पाहिलं. मग म्हणाला, "मला हे पटलं नाही. मरेपर्यंत पटायचं नाही." आणि मुकादमाकडं वळला. "पोराचं औषध चालू राहील. कोणाच्याच लेकराचं बंद होणार नाही."

आपलाच शब्द चारशे डोळ्यांदेखत मागं घ्यायला छाती लागते. आपलं मत न सोडता घ्यायला तर जास्तच लागते. त्या दिवशी मी मनातल्या मनात दोघांच्याही पाया पडले.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई मुकादमापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "उद्या येत नाही. लूप बसवाले जातो."

"वं माय, हळू बोल ना! माहेरी जातो म्हन."

"माहेरीही जाईन. आधी दवाखाना."

त्यांचा रेचा बाजूच्या बायांनी आळीपाळीनं चारला. मी सोबत गेले. बडनेऱ्याला गाडी बदलेपर्यंत मलाच घाम फुटला होता, आणि जाऊबाई खिडकीशी बसून तान्ह्याला पाजत होत्या, वर मलाच म्हणत होत्या, "घाबरू नोको, तुले नाही बसवत."

लूप बसला, आणि जाऊबाई जगल्या. शेठच्या दवाखान्यात लूप कधीच आला नाही. पण त्या हंगामात आमच्यातल्या बऱ्याच बाया अमरावतीला गेल्या, आणि एकीनंही मुकादमाला खोटं कारण सांगितलं नाही. बिचारा कानावर हात ठेवायचा आणि मान हलवायचा. सोबतीला दर खेपेला जाऊबाईच. दवाखान्याच्या बाकावर त्या पाय पसरून बसायच्या आणि त्यांचा आवाज आतल्या खोलीपर्यंत जायचा, "ओ सिस्टर, हिले आधी घ्या. हिचं लेकरू अंगावर पिते, घरी रडून राहिलं असन."